नांगर

माझा एक भाचा परदेशी जहाजावर नोकरीस आहे. वर्षातून एकदा बेलापूरच्या आमच्या बिऱ्हाडी येऊन तो कॅरिबियन समुद्रातील बेटांची जी छायाचित्रे दाखवितो, त्यांत बहुधा निळ्या पाण्यात नांगर टाकून उभी असलेली एक शुभ्र नौका असते, तिच्यावर एक उघडाबंब गृहस्थ आडवा पडलेला असतो, आणि त्याच्या मुद्रेवर असा काही मोक्षाचा भाव विलसत असतो की, 34 वर्षे सरकारी दफ्तरात आवक-जावक नोंदविण्यात खर्ची पडलेल्या माझ्यासारख्यास त्याचा हेवा वाटावा. एकदा मी नकाशाच काढून बसलो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, आणि आपली घारापुरी 19 अंशांच्याही किंचित खाली! म्हणजे उष्ण कटिबंधातील बेट दारातच होते. रिकामी होती ती आडव्या गृहस्थाची जागा. त्या जागेसाठी मी पत्नीकडे तोंडी अर्ज केला, आणि ‘टोपी घालून जाणे’ या शेऱ्यासह तो मंजूर झाला.

गर्दी नको म्हणून सोमवार निवडला. त्या दिवशी एकादशी आहे हे डब्यात साबुदाण्याची खिचडी पडू लागली तेव्हा समजले, आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात हे दिवाळ्याच्या बंदरावर. तांडेल मात्र विचलित झाला नाही. ‘‘लेनी बंद असतील सायेब, बेट कुठं बंद हाय?’’ असा निवाडा देऊन त्याने इंजिन सुरू केले.

अटल सेतूच्या खालून जाताना मी मान वर करून, ताशी 100 किलोमीटर वेगाने मुंबईकडे धावणाऱ्या त्या घायकुत्या जीवांची मनोमन कीव केली. मोराबंदराच्या बाजूस पोहोचल्यावर तांडेल खोल पाण्यातच थांबू पाहत होता. परंतु मला सावली हवी होती, आणि सावली होती ती किनाऱ्यालगतच्या तिवरांची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एकादशीची भरती सव्वाआठाची, ती होऊन गेली, आता सुकती लागली आहे, हा हिशेब त्याने मला दोनदा ऐकविला. हिशेबात चूक काढता न आल्यामुळे, वरिष्ठांच्या जुन्या परंपरेस अनुसरून, मी तो विचारात घेतला नाही आणि नांगर टाकण्याचा हुकूम सोडला.

शेत उकरणाऱ्या औतास आणि नौका थोपविणाऱ्या आकड्यास आपल्या भाषेत नांगर हा एकच शब्द आहे. आमच्या आजोबांनी जन्मभर नांगर धरला; नातवाने तो आयुष्यात प्रथमच टाकला, आणि टाकून आडवा झाला. पडल्या पडल्या दिसत होते ते असे : एकीकडे तुर्भ्याच्या अणुभट्टीचा घुमट, दुसरीकडे न्हावा-शेव्याच्या बंदरातील याऱ्यांचे जंगल. भाच्याच्या छायाचित्रांत या वस्तू नव्हत्या. तरीही मी डोळे मिटून मुद्रेवर मोक्षाचा भाव आणण्याचा प्रामाणिक यत्न केला, आणि तो येण्याच्या बेतात असतानाच, साडेअकराच्या सुमारास, होडी एका कुशीवर कलली.

पाणी निघून गेले होते. सभोवार पसरला होता तो काळाभोर, लोण्यासारखा मऊ चिखल, आणि त्यात उघडा पडलेला आमचा नांगर, फाळ रुतवून, एखाद्या कुळाने मध्येच टाकून दिल्यासारखा. आजोबा असते तर त्यांनी बैलांची चौकशी केली असती. निवट्या चिखलावर उड्या मारीत आल्या आणि डोळे वटारून माझी तपासणी करू लागल्या; इतक्या बारकाईने माझे काम हयातीत कुठल्या साहेबाने तपासले नव्हते. तांडेलाने चूल पेटवून सुकटीचे कालवण रटरटत ठेवले, आणि त्याचा दरवळ माझ्या एकादशीवरून सावकाश वाहत राहिला. सावली? ती दुपारी तिवरांनी आपल्याच पायांपाशी गोळा करून घेतली होती.

या बेटावरून घाईने हलू पाहणाऱ्यांची गत काय होते, याचा एक दाखला इतिहासात आहे. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी बेटास एलिफंटा हे नाव दिले, तो दगडी हत्ती 1864 साली इंग्रजांनी विलायतेस नेण्यासाठी उचलला, तेव्हा यारी तुटून त्याचे तुकडे झाले. सांधलेला तो हत्ती अद्याप भायखळ्याच्या बागेत उभा आहे. डोंगरापलीकडचा 18 फुटी महेश मात्र तीन मुखे आणि मिटलेले डोळे घेऊन शतकानुशतके जागचा हललेला नाही. विश्रांती ही त्याची विद्या. आमच्यासारख्यांना तिची बाराखडीही साधत नाही. मी आठ वेळा घड्याळ पाहिले, खिचडीचे दाणे दोन हप्त्यांत संपविले, आणि सेतूवरून धावणाऱ्या मोटारी मोजू लागलो. सकाळी त्यांची कीव केली होती हे त्या वेळी सोयीस्करपणे विसरलो. एकोणीसशेच्या पुढे आकडा चुकला.

साडेसहाला पाणी आले. होडी उठून बसली, तांडेलाने नांगर ओढून घेतला आणि त्याचा चिखल धुता धुता एवढेच विचारले, ‘‘झोप लागली का सायेब?’’ भाडे अर्ध्या दिवसाचे ठरले होते. मी पूर्ण दिवसाचे दिले, आणि हुज्जत घातली नाही.

वाचकांपैकी कुणास पुढल्या एकादशीस जावयाचे असल्यास भरती सव्वाआठाची आहे, आणि सावलीसाठी घरूनच छत्री न्यावी.