जरा तिरकं करून बघू

"बाबा, हे गॅसवर चालतं," मुलगा म्हणाला आणि मी गराजमध्ये सिलिंडर शोधू लागलो. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात हे ठाऊक होतं; पण कोथरूडच्या माणसाला गॅस म्हटलं की नळी आणि रेग्युलेटरच दिसतो.

बफेलोत येऊन चार दिवस झाले होते. इरी सरोवरावरून येणारा गार वारा वाटेत पाण्याची वाफ उचलतो आणि काठाला लागला की सगळं ओझं टाकून मोकळा होतो. वर्षाकाठी सरासरी ९५ इंच बर्फ! त्या सकाळी दारात गुडघाभर होता. तो उपसायला हे लाल धूड: पुढे मळसूत्रासारखी पाती, मागे पंखा, वर बर्फ भिरकावणारं धुराडं.

मुलाने दहादा दोरी ओढली. धूड ढिम्म. "सरक," मी म्हणालो. २५ वर्षं स्कूटर हाकली आहे मी. प्लग काढून पॉलिशपेपरने घासला, चोक ओढला. काही नाही. मग हुकमी उपाय: "जरा तिरकं करून बघू." शंभरेक किलोचं ते, आम्हीच तिरके झालो.

आरडाओरडा ऐकून शेजारचे आजोबा आले. टाकीचं झाकण काढून त्यांनी वास घेतला, आपण नासलेल्या दुधाचा घेतो तसा. पेट्रोल मार्चमधलं! इथल्या पेट्रोलात बहुधा १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि असं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरून जेटचं केसाएवढं भोक बुजतं. म्हणून हंगाम सरताना टाकी रिकामी करायची, नाहीतर पेट्रोल टिकवायचं औषध घालून इंजिन थोडा वेळ चालवायचं. चिरंजीवांनी दोन्ही केलं नव्हतं. पण हे तर माझ्या स्कूटरचंच दुखणं! खालची वाटी उतरवली, जेट काढला, बारीक तार घालून फुंकर मारली. नवं पेट्रोल, एक हिसका, आणि धूड भडभडू लागलं. हिने दारातूनच टाळ्या वाजवल्या.

दहा पावलांवर ताड! इंजिन चालू, पण डावं पातं गप्प. बर्फाखाली गोठलेला वर्तमानपत्राचा गुंडा अडकला होता. इंजिन बंद करून मी हात घालणार, तोच आजोबा ओरडले. अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो. गुंडा सुटला की पातं फिरतं आणि बोटं जातात. त्यासाठी यंत्रावरच प्लास्टिकची काठी लावलेली असते. ती मला कपडे वाळत घालायची वाटली होती.

पात्याची पिन तुटली होती. "खिळा ठोकू," मी म्हणालो. आजोबांनी मान हलवली. ती पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. ती मोडते म्हणून गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी दणकट काही घातलं तर पुढच्या गुंड्याला गिअरबॉक्सच जातो. मग त्यांनी नवी पिन काढली. खिशातून! आपल्याकडचे आजोबा तपकिरीची डबी काढतात तशी.

बारा वाजता दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी झाली. सव्वाबाराला रस्ता साफ करणारा ट्रक आला आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आमच्या वाटेच्या तोंडाशी लोटून पुढे गेला.