अजून बघतोय

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ऑफिसात एक पारखी असतो. आडनाव काही का असेना, हुद्दा कुठला का असेना, एखाद्या नव्या मुलाने "लिनक्सवर गिटसाठी बरंसं अ‍ॅप कुठलं हो?" असं विचारलं की चार जण एकाच दिशेला बोट दाखवतात आणि त्या दिशेला पारखी बसलेला असतो. पुण्यातल्या ज्या ऑफिसात मी त्याला जवळून पाहिलं तिथे त्याची खुर्ची पँट्रीच्या वाटेवर होती. चहाला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या पडद्यावर रंगीबेरंगी रेघा दिसायच्या. लोकांना वाटायचं, काय काम चाललंय! काम चाललेलं असायचंच. फक्त ते कंपनीचं नसायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचं स्वतःचंही नसायचं.

ज्यांचा या मुलखाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गिट हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं नोंदी ठेवायचं साधन: कुठल्या फायलीतली कुठली ओळ कोणी, केव्हा, कशासाठी बदलली ते त्यात राहतं आणि नको झालेला बदल मागे घेता येतो. ते मुळात काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून चालवायचं. पण ज्यांना आज्ञा पाठ होत नाहीत, किंवा आपल्या कामाचा इतिहास ज्यांना डोळ्यांनी बघायचा असतो, त्यांच्यासाठी खिडक्या-बटणांची अ‍ॅपं निघाली. लिनक्सवर ती इतकी निघाली की त्यातलं एक निवडणं हा पूर्णवेळ उद्योग होऊ शकतो. पारखीने तो करून दाखवला आहे.

नवा मुलगा येतो. हातात वही, चेहऱ्यावर श्रद्धा.

"सर, एखादं साधं अ‍ॅप सांगा ना."

"साधं म्हणजे कोणासाठी साधं?"

"माझ्यासाठी."

"डेस्कटॉप कुठला तुझा?"

"उबुंटू."

"तो डेस्कटॉप नव्हे रे. ग्नोम की केडीई?"

मुलगा गप्प. पारखी एक सुस्कारा सोडून दुसरी खुर्ची ओढून घेतो. खुर्ची ओढली की समजायचं, जेवणाची सुट्टी गेली.

मग इतिहास. केडीई 1996 साली जर्मनीत मथियास एट्रिश याने सुरू केलं आणि त्याची सगळी मांडणी क्यूटी या लायब्ररीवर बेतली. क्यूटीचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम काढलं, जीटीके लायब्ररीवर. क्यूटी 2000 साली जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली, म्हणजे भांडणाचं मूळ कारण संपलं. भांडण अर्थातच चालू राहिलं. पारखी केडीईवाला आहे. त्याच्या डेस्कटॉपवर जीटीकेचं अ‍ॅप उघडणं त्याला सोवळ्यात कांदा चिरल्यासारखं वाटतं. ग्नोमचं गिटजी उत्तम आहे, नेटकं आहे, हे तो मान्य करतो. पण त्याची बटणं खिडकीच्या शीर्षपट्टीत जाऊन बसतात, मेनू तीन आडव्या रेघांमागे दडतो, फाईल उघडायची चौकट वेगळी येते. "डोळ्यांना खटकतं," म्हणतो. मुलगा घाबरत विचारतो, "मग केडीईचं स्वतःचं नाही का?" आहे ना. कॉमिट नावाचं आहे, डॉल्फिन या फाईल मॅनेजरला गिटची जोड मिळते, केट या एडिटरमध्ये गिटचा कप्पा आहे. पण पारखीला हे उत्तर फार लवकर आलेलं चालत नाही. "तिकडे येऊच. आधी बाकीची बघू."

बाकीची बघायला तो इतका वेळ घेतो त्याला कारण त्याची पद्धत. गिट-कोला पायथनमध्ये लिहिलेलं, क्यूटीवर चालणारं, एका ओळीपुरता बदलसुद्धा वेगळा काढून नोंदवू देणारं. पारखीच्या तुलनेच्या तक्त्यात ते कायम वरच्या तिघांत, आणि वापरात कधीच नाही, कारण मूळ मांडणीत इतिहासाचा आलेख समोर दिसत नाही, वेगळा उघडावा लागतो. गिटक्रॅकन देखणं, पण इलेक्ट्रॉनवर बांधलेलं, म्हणजे पोटात अख्खा ब्राउझर घेऊन फिरणारं. शिवाय स्रोत बंद. सब्लाइम मर्ज वाऱ्याच्या वेगाने चालतं, पण काळोखी थीम हवी तर परवाना विकत घ्या. स्मार्टगिट जावावर. गिट-अहेड आवडलं होतं, त्याचा कर्ता थांबला. मग इतर लोकांनी ते गिटी-अप या नावाने पुढे चालू ठेवलं, आणि पारखीला आता कुठलंही अ‍ॅप निवडताना भीती वाटते की कर्ता थांबला तर? सोर्सट्री लिनक्सवर येतच नाही. ते तक्त्यात का आहे, असं मी एकदा विचारलं. "तुलनेला," तो म्हणाला.

त्याची परीक्षा सगळ्यांना एकच. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, रेपो (गिटने सांभाळलेला फायलींचा संच) उघडायचा. त्यात दहा लाखांच्या वर कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आहेत. अ‍ॅप किती वेळात उघडतं, आलेखाच्या रेघा सरकवताना अडखळतं का, मेमरी किती खातं, हे बाजूच्या खिडकीत मोजायचं. पारखीच्या स्वतःच्या रेपोत मोजून तीन कमिट आहेत आणि त्यातल्या दुसऱ्याचा संदेश "चाचणी" असा आहे. कर्नलच्या परीक्षेत दरवेळी एक म्हातारं अ‍ॅप बऱ्यापैकी टिकतं: गिटके. पॉल मॅकेरास याने 2005 साली, म्हणजे गिट जन्मलं त्याच वर्षी, टीसीएल-टीकेमध्ये लिहिलेलं. बटणं नव्वदच्या दशकातली, राखाडी. गिटच्या मूळ स्रोताबरोबरच ते येतं, त्याच्या शेजारी गिट-गुईही येतं. पारखी त्याच्याकडे आदराने बघतो आणि बंद करतो. "रूप नाही हो त्याला." (रूप बघून नकार द्यायची सवय आपल्याकडे अ‍ॅपांच्याही आधीची आहे, तो विषय वेगळा.)

परवान्याच्या बाबतीत मात्र तो गंमत करत नाही. मुक्त सॉफ्टवेअर लिहायला बंद सॉफ्टवेअर वापरायचं का, या प्रश्नावर पँट्रीत चहा गार होईपर्यंत तो बोलू शकतो, आणि त्याच्याजवळ दाखला सगळ्यांत मोठ्या घरचा आहे. लिनक्सचा कर्नलच 2002 पासून बिटकीपर नावाच्या बंद स्रोताच्या साधनावर ठेवला जात होता. ते बनवणाऱ्या कंपनीने कर्नलवाल्यांना ते फुकट दिलेलं, अटी घालून. पुढे अँड्र्यू ट्रिजेल याने त्याच्याशी बोलू शकणारं मुक्त साधन लिहायला घेतलं, कंपनीचं बिनसलं आणि 2005 साली फुकट परवाना बंद झाला. लिनक्सचा जनक लायनस टॉरवाल्ड्झ याच्यासमोर तेव्हा दोन मार्ग होते. उपलब्ध साधनांची तुलना करत बसायची, किंवा स्वतःचं लिहायचं. त्याने इतर साधनं पाहिली, नापसंत केली, 3 एप्रिलला काम सुरू केलं आणि 7 एप्रिलला गिट स्वतःचाच इतिहास स्वतःमध्ये ठेवू लागलं. त्याच जुलैत त्याने गिट जुनिओ हामानोच्या हाती सोपवलं आणि तो आपल्या कर्नलकडे परत गेला. पारखी ही हकिगत डोळ्यांत पाणी आणून सांगतो. चार दिवसांत! त्याच चार दिवसांत पारखीचं हायडीपीआय पडद्यावर आयकॉन कोणाचे धूसर दिसतात एवढंच बघून होतं, हे त्याला कोणी सुचवत नाही. ऑफिसात माणुसकी असते.

पारखीचा शत्रू म्हणजे टर्मिनलवाला. हा कोपऱ्यात बसतो, माऊस वापरत नाही आणि येता-जाता एवढंच म्हणतो, "कमांड लाईन शिका रे." गंमत अशी की हा टर्मिनलवाला स्वतः टिग वापरतो, नाहीतर लेझीगिट, किंवा ईमॅक्समधलं मॅजिट, आणि त्यांत रंग आहेत, याद्या आहेत, एका कळीवर फाईल निवडली जाते. म्हणजे खिडकीच आहे, फक्त अक्षरांनी विणलेली. पारखीने हे त्याला एकदा सर्वांसमोर सुनावलं. टर्मिनलवाला म्हणाला, "पण मी कमिट करतो." त्यानंतर काही आठवडे दोघे वेगवेगळ्या वेळी जेवायला गेले.

आता तो तक्ता. तो मराठीत आहे, आणि त्यातलं मराठी चांगलं आहे. रकाने: दिसायला, चालायला, रिबेस, कॉन्फ्लिक्ट, परवाना, कर्त्याची तब्येत, शेरा. कॉन्फ्लिक्टच्या रकान्यात बारीक टीपा आहेत, कारण दोघांनी एकच ओळ बदलली की बरीच अ‍ॅपं हात वर करून मेल्ड किंवा केडीफ-थ्री या फरक जुळवणाऱ्या अ‍ॅपांना हाक मारतात, आणि पारखीला ती हाक कितपत शालीन आहे हेही नोंदवायचं असतं. हा तक्ता तो ठेवतो कुठे? डेस्कटॉपवर. "तुलना", "तुलना नवी", "तुलना अंतिम", "तुलना अंतिम खरी", "तुलना अंतिम खरी दिवाळीनंतर". आमच्याकडे आलेल्या एका ट्रेनी मुलीने निरागसपणे विचारलं, "सर, हे गिटमध्ये का नाही ठेवत?"

"ठेवणारच आहे," पारखी म्हणाला. "अ‍ॅप ठरलं की."

मुलीने त्याच्या परवानगीने त्या फोल्डरात गिट सुरू करून स्थिती विचारली. फायलींच्या नावांऐवजी पडद्यावर \340\244\244\340\245\201 अशी आकड्यांची रांग उमटली. गिट आपणहून देवनागरी नावं अशीच छापतं. एकेका अक्षराचे तीन-तीन बाइट आकड्यांत. पारखी खुर्चीत सरसावला. त्याचा चेहरा उजळला. "बघ! म्हणून म्हणतो अ‍ॅप लागतं. खिडकीत नावं सरळ दिसतात. हे कोणी लक्षातच घेत नाही!" मुलीने कोटपाथ नावाची एक सेटिंग एका ओळीत बंद केली आणि पुन्हा स्थिती विचारली. "तुलना अंतिम खरी" अशी अक्षरं स्वच्छ दिसली. पारखी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "याला एक रकाना हवा." आणि तक्त्यात रकाना वाढला: देवनागरी. त्याच दुपारी त्याच्या ध्यानात आलं की तक्त्याची ओडीएस फाईल मुळात झिप असते, तिच्यातला ओळीओळीचा फरक गिटला आपणहून दाखवता येत नाही; तेव्हा तक्ता सीएसव्हीत न्यावा लागेल; तेव्हा सीएसव्हीतला फरक चांगला दाखवणारं एखादं साधन शोधावं लागेल. संध्याकाळपर्यंत त्याचा नवा तक्ता सुरू झाला होता.

घरीही हाच क्रम असल्याचं कळतं. पाण्याचं फिल्टर अजून ठरलेलं नाही. वहिनी पाणी उकळून गाळतात.

माणूस आळशी आहे असं मात्र म्हणवत नाही. त्याने पाठवलेल्या तक्रारी मी वाचल्या आहेत. कुठली आवृत्ती, वेलँड की एक्स-11, पडद्याचं स्केलिंग किती टक्के, कुठल्या बटणावर कितव्यांदा क्लिक केल्यावर काय झालं, काय व्हायला हवं होतं. खाली चित्र, चित्रावर लाल बाण. "चालत नाही, लवकर दुरुस्त करा" असलं एक वाक्य लिहून मोकळे होणारे आपण सगळे. हा तसा नाही. अशा तक्रारीवर कुठल्यातरी दूरच्या देशातला, पगार नसलेला प्रोग्रामर रात्री जागून ओळ दुरुस्त करतो. केडीईत पद्धत अशी की दुरुस्तीच्या कमिटच्या संदेशात "बग" या खुणेपुढे तक्रारीचा नंबर लिहायचा, की तक्रार आपोआप बंद होते. पारखीचं नाव त्या कमिटवर नसतं, नाव दुरुस्त करणाऱ्याचं असतं. पारखी असतो तो त्या सहा आकड्यांत. गिटजी वापरणारा ग्नोमवाला आणि कॉमिट वापरणारा केडीईवाला, दोघांच्या रोजच्या सोयीत अशा निनावी पारख्यांचा वाटा आहे. त्यांनी आयुष्यभर काही निवडलं नाही म्हणून इतरांना निवडायला काहीतरी धड मिळालं.

त्याच्याजवळ खरं उत्तर आहे आणि ते त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. ही सगळी अ‍ॅपं रेपोतल्या एकाच लपलेल्या फोल्डरातल्या नोंदी वाचतात. काही गिटच्या आज्ञाच आतून चालवतात, काही लिबगिट-टू ही लायब्ररी वापरतात, नोंदी त्याच. सकाळी एका अ‍ॅपात कमिट करा, दुपारी दुसऱ्यात आलेख बघा, संध्याकाळी टर्मिनलात पुश करा, गिटची काही हरकत नाही. हे वाक्य पारखी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. पण अगदी शेवटी सांगतो, तोवर मुलाने वही मिटलेली असते.

म्हणून इथेच सांगून टाकतो. केडीईवर असाल तर कॉमिट किंवा गिट-कोला घ्या, ग्नोमवर असाल तर गिटजी. नुसता इतिहास चाळायचा असेल तर गिटके, रूप नसलं तरी. आवडलं नाही तर काढून टाका आणि दुसरं घाला, नोंदी जागच्या हलत नाहीत. एवढं करूनही पारखीला विचारावंसं वाटलंच तर सकाळी विचारा. संध्याकाळी सहानंतर नको. कंपनीची बस साडेसहाला सुटते.