मालवणात वर्धेकर

वर्ध्याच्या माणसाचं समुद्राशी नातं फार लांबचं. आमची वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते, वैनगंगेला भेटते, दोघी मिळून प्राणहिता होतात, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि ही सगळी मंडळी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतात. म्हणजे आमच्या गच्चीवर पडलेला पाऊससुद्धा बंगालकडचा. अरबी समुद्राशी आमची साधी तोंडओळख नाही. जास्तीत जास्त पाणी म्हणजे बोर धरण, आणि त्याचा पलीकडचा काठ दिसतो. ज्या पाण्याला पलीकडचा काठ नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असे संस्कार घेऊन आम्ही वाढलो.

त्यामुळे ऐन मे महिन्यात मालवणला निघालो तेव्हा आर्वी नाक्यावर चौकशी झाली. "गोव्याले जाऊन राह्यले का?" हा पहिला प्रश्न. गांधीजी-विनोबांच्या पुण्याईने आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून कोकणाच्या दिशेने तोंड केलेल्या प्रत्येक माणसाकडे आमचे लोक एका खास नजरेने पाहतात. मी म्हणालो, मालवण. "म्हणजे गोव्याच्या अलीकडंच न!" नागपूर-मडगाव गाडीचं तिकीट दाखवलं तर संशय पक्का झाला. तिकीट कुडाळपर्यंतचं होतं, पण तेवढं बारीक वाचतो कोण? शेजारचे काकाजी "सांभाळून जा, बाप्पा," एवढंच म्हणाले आणि पोराबाळांकडे दयार्द्र नजरेने पाहून घरात गेले.

वर्धेकराला अभिमान कशाचा असेल तर उन्हाचा. ४५ अंशांत डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून बँकेत जाणारी आमची जमात. मालवणचं तापमान ३४ आहे असं मोबाइलवर वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. बायकोने तर एक शाल भरली. कुडाळला उतरलो, एसटीत बसलो, आणि तीसेक किलोमीटरच्या त्या रस्त्यात माझा सारा जिल्हाभिमान शर्टासकट पाठीला चिकटला.

वर्ध्यात घाम येतो आणि आल्याचं कळायच्या आत वाळतो. हवा कोरडी, वाळता वाळता तो अंगातली उष्णताही घेऊन जातो. मालवणच्या हवेत आधीच इतकं पाणी भरलेलं की घामाला जायला जागाच नाही. तो अंगावरच मुक्काम करतो. आमचा कूलर चालतो तो याच हिशेबाने: ताट्या भिजवायच्या, कोरडी हवा त्यातलं पाणी शोषून गार होऊन येते. मालवणात कूलर लावला तर खोलीत पावसाळा तेवढा लवकर येईल. बायकोला हे शास्त्र मी तपशीलवार समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण तुमचं बनियन काहून ओलं आहे अजून?" रात्री धुऊन दोरीवर टाकलेलं बनियन सकाळी होतं तसंच होतं. वर्ध्याच्या मेमध्ये कपडे पिळून दोरीपर्यंत न्यावे तोवर ते कडक होतात. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकींनी बनियनाकडे पाहून निकाल दिला, "वहिनी, ता आज काय सुकाचा नाय."

सकाळी बंदरावर गेलो. किनाऱ्यावर टोपल्या ओतल्या जात होत्या आणि मासळीचा लिलाव चालू होता. लिलाव मला नवा नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचे ढीग आणि भाव दोन्ही पाहिलेत. पण कापूस आज नाही विकला गेला तर उद्याही कापूसच असतो. सुरमईला तेवढी सवड नसते, म्हणून इथले आकडे असे धावतात की कोणी बोली लावली, कोणी मान हलवली आणि टोपली कोणाच्या डोक्यावर गेली, याचा पत्ता लागत नाही. कोळणींच्या त्या गर्दीत मी उगाच कान खाजवायलाही घाबरत होतो. न जाणो, दोन हजारांचे बांगडे माझ्या नावावर पडायचे. बायको मात्र निर्धास्त. एका मोठ्या माशासमोर उभी राहून तिने विचारलं, "एवढ्या मासोळीत काटे किती असतीन?" विकणाऱ्या बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "घाटावरची दिसता." आम्हाला घाट लागतो तो रेल्वेने, तोही झोपेत, पण कोकणाच्या नकाशात घाटापलीकडचा सगळा महाराष्ट्र एकच.

मग होडीने सिंधुदुर्ग. पलीकडचा काठ दिसत असल्यामुळे हा प्रवास मला मंजूर होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. तट सुमारे तीन किलोमीटरचा, आणि दरवाजा असा बेमालूम की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो आहे हेच कळत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हाही आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर पाहिलं, हात जोडले. हे सगळं कोणीही प्रवासी करतो. वर्धेकर खरा थांबला तो विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि मधोमध गोडं पाणी! वाटाड्याने तटबंदी सांगितली, बुरूज सांगितले, आमचे पाय हलेनात. बायकोने वाकून पाहिलं आणि तिथल्या कोणत्याही इतिहासकाराला सुचला नसता असा प्रश्न विचारला, "मे महिन्यात आटत नाही का हो?" तो म्हणाला, "नाय." ती बराच वेळ गप्प होती. आमच्या कॉलनीची बोअर एप्रिलातच घरघर लावते. महाराजांच्या दूरदृष्टीवर मी शाळेत पानंच्या पानं लिहिली आहेत, पण ती पटली त्या विहिरीच्या काठावर.

परत आलो, सोलकढी प्यालो, आणि पुढच्या कामाला लागलो. मेहुण्याने यादी दिली होती: रॉक गार्डन, जय गणेश मंदिर, तारकर्ली, देवबाग, कर्ली नदीचा संगम, बाजारात खाजं आणि काजू. सगळं एका दुपारी उरकायचं, असा विदर्भी बेत. बाजारात पोचलो तर दुकानांच्या फळ्या लागलेल्या. एका ओट्यावर एक अण्णा उघड्या अंगाने वर्तमानपत्राचा वारा घेत बसले होते. त्यांना रॉक गार्डनची वाट विचारली. "आता? ह्या उन्हात?" वर्ध्याच्या माणसाला उन्हाची भीती घालणारा हा पहिलाच गृहस्थ. मी म्हणालो, आम्हाला घाई आहे. "घाई कित्याक? दगड आसत ते, पळाचे नाय. चारांनंतर येवा." आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन ते झोपलेसुद्धा.

मे महिन्यात दुपारी वर्धाही बंद असतं, पण ते भीतीपोटी. दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून माणसं लपून बसतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मालवणची दुपार दारं सताड उघडी टाकून झोपते. माझ्या मते सुट्टी म्हणतात ती हीच. तारकर्ली आणि देवबाग तिला नंतर जोडलेली पुरवणी आहे. काकींच्या पडवीतल्या झोपाळ्यावर मी यादी उशाखाली घेऊन पडलो आणि चार वाजले ते कळलंच नाही.

संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीतून समुद्रात मोठा वेढा घालून जाळं सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत जाळं आत घेतात. बघ्यांनाही कोणी हाकलत नाही. उलट दोर हातात देतात. मीही लागलो. वर्ध्यात पोळ्याला बैलाचा कासरा धरलेला हात, पण समुद्र बैलापेक्षा हट्टी. जाळं आलं तेव्हा त्यात चांदीच्या रंगाची वळवळ होती, आणि ओढल्याबद्दल माझ्याही वाट्याला थोडे बांगडे आले. आमच्या घरात मासोळी चालत नाही. ते बांगडे काकींना दिले. त्यांनी त्याबद्दल बायकोला गूळ आणि आलं लावलेलं खाजं पुडकंभर दिलं. बायकोने बॅगेतून गोरस भंडारचा गोरसपाक काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकींनी एक तुकडा खाल्ला, थोडा वेळ डोळे मिटले आणि विचारलं, "ह्या कसला तूप?" गाईचं, असं सांगितल्यावर डबा पदराखाली गेला तो नातवंडांनाही दिसला नाही. मेहुण्याची यादी झोपाळ्यावरच राहिली; रॉक गार्डन आम्ही पाहिलं नाही, आणि अण्णांच्या म्हणण्यानुसार ते अजून तिथेच असेल.

वर्ध्याहून कोणी जाणार असेल तर एवढंच सांगतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून थंडीत जा. शाल घरी ठेवा, बनियनं जास्त न्या, गोरसपाकाचे डबे दोन घ्या. आणि दुपारी एक ते चार मालवणात कोणाचंही दार वाजवू नका. उघडं असलं तरी.