आमचे सागरी सर्वेक्षण

मालवणच्या किनाऱ्यावर कुणाला प्रश्न विचारायचे असतील, तर आधी स्वतःची उत्तरं तयार ठेवावी लागतात. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथे एवढंच सांगितलं होतं, की मच्छीमारांशी नम्रपणे वागा आणि अर्ज क्रमाने भरा.

होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांपुढे मी अर्ज काढला. 'आपलं नाव' हा पहिला प्रश्न. तो विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात, "तुमी खयचे?" पुण्याचा म्हटल्यावर, "मूळ खयचे?" मूळही पुण्याचाच म्हटल्यावर त्यांनी दुखवट्याला आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग आडनाव, पगार, तो कोण देतं, लग्न का झालं नाही, हे सगळं क्रमाने झालं. "पोहाक येता?"

"येतं की."

"खय शिकलास?"

"टिळक टँकवर."

हे उत्तर त्यांनी शेजारच्या होडीला मोठ्याने कळवलं. त्या होडीने पुढच्या होडीला. हशा पार जेटीपर्यंत पोचलेला मला ऐकू आला. माझ्या अर्जात तोवर फक्त तारीख होती.

त्यांचं तरी काय चुकलं? १९८७ साली इथल्या एकोणतीस चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांचा त्याला विरोध. वही घेऊन फिरणारा माणूस खिशात नवी बंदी घेऊन आलाय, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. माझ्या खिशात उलटी थांबवणाऱ्या गोळ्या होत्या. त्यांचा विषय पुढे येईल.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचे जीव मोजणं, हे त्यातल्या त्यात सोपं काम. प्लॅस्टिकच्या पाइपची अर्ध्या मीटरची चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आतलं सगळं मोजायचं: शंख, समुद्रफुलं, शेवाळ, बार्नॅकल. बार्नॅकल नावाचा प्राणी खडकाला चिकटून जन्म काढतो, त्यामुळे तो मोजायला सोपा असावा, असं पुण्यात वाटतं. शंभराच्या पुढे डोळे फिरतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी तिसऱ्यांदा शंभरी गाठत होतो, तेव्हा घोट्याला पाणी लागलं. मोबाइलवर ओहोटीला अजून वेळ होता. फक्त ते वेळापत्रक मुंबईचं होतं आणि मालवणात ओहोटी मुंबईच्या आधी होऊन जाते. चौकट तरंगत निघाली. कालवं काढून परतणाऱ्या एका आजींनी ती पायाने अडवली.

"आज काय तिथ?"

मला वार माहीत होता.

"बीज. बिजेचे पाऊणपट दीड. दीडाक भरती, साडेसाताक सुकती. आता वाजले किती?"

साडेआठ वाजले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची, हे गणित त्यांनी डोक्यावरची टोपली न हलवता केलं.

मग समुद्रतळ. ग्रॅब नावाचा लोखंडी जबडा दोरीने खाली सोडतात. तळाला टेकला की तो मिटतो आणि चिखल-वाळूचा घास घेऊन वर येतो. तांडेल म्हणाला, "हय खडप आसा, काय गावाचा नाय." मी त्याला जीपीएसचा पडदा दाखवला. त्याने किनाऱ्यावरचा एक माड आणि मागच्या डोंगराची सोंड एका रेषेत आलेली दाखवली. जबडा वर आला तेव्हा दातांत दगडाचा तुकडा होता आणि फटीतून पाणी गळत होतं. दुसऱ्यांदा तेच. तोवर गोळ्यांनी माझी साथ सोडली होती. मी काठावरून वाकलो, तेव्हा तांडेलाने मायेने पाठीवर हात ठेवला. "घाला, घाला. आता मासे जमतले."

संध्याकाळी लिलावात माशांची लांबी घ्यायची होती. बांगडा नाकाडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात. मी पट्टी लावताच एक बाई म्हणाली, "बांगड्याक झबला शिवतास काय?" तिच्याकडे पाहून मी प्रशिक्षणाला स्मरून नम्रपणे मान हलवली आणि मोरीची एक पाटी माझ्या नावावर झाली. लिलावात मान ज्याच्या-त्याच्या जबाबदारीवर हलवायची असते.

रापणीवर मात्र नुसतं बघायचं ठरवून गेलो होतो. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तिथे रिकाम्या हातांनी उभं राहणाऱ्याला दोर मिळतो. मला मिळाला. तासाभराने जाळं वाळूवर आलं, पेडवे चमचमले, वाटे पडले. माझ्यापुढे पडला तो पोरांच्या रांगेतला वाटा.

मी अर्ज काढला. 'मासेमारीत सहभागी व्यक्तींची संख्या.' मी धरून तीस होत होते. खात्री करावी म्हणून म्होरक्याला विचारलं, "तीस लिहू ना?"

त्याने माझे तळहात उलटे करून फोड पाहिले, मग मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साडेएकोणतीस लिवा."

त्या रकान्यात अपूर्णांक चालत नाही. मी एकोणतीस लिहिले आणि पेडवे पिशवीत भरले.