एमजी की ट्रायम्फ? आधी देवगोई चढा

जुन्या विलायती स्पोर्ट्स कारच्या हौशी मंडळींपुढचा सनातन पेच: एमजीबी घ्यावी की ट्रायम्फ स्पिटफायर? दोघीही 1962 मध्ये बाजारात आल्या, दोघींचं उत्पादन 1980 मध्ये थांबलं, आणि 1968 पासून मालकही एकच, ब्रिटिश लेलँड. म्हणजे भांडण सख्ख्या जावांचं. एमजीबीचं इंजिन 1798 सीसी, स्पिटफायरचं सुरुवातीला 1147. पण स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे दुरुस्ती करताना टायरवर निवांत बसता येतं. बसावं लागतंच.

आमची सूचना एवढीच, की निवड सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाऊन करावी. अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोई घाट चढायचा, तोही रात्री. कारण काठीची राजवाडी होळी पेटते पहाटे. दोन्ही गाड्या जमिनीला लागलेल्या, आणि सीटा दोन-दोनच. तेवढ्यात टपापर्यंत माणसं भरलेली जीप हॉर्न देत पुढे जाईल. तिच्या चालकाला तुमच्या मॉडेलचं वर्ष सांगू नका, तो फक्त विचारेल, "किती सीटा?"

तेव्हा निकाल असा: रंग आवडेल ती गाडी घ्या, तिला घरी झाकून ठेवा आणि होळीला जीपनेच जा.