नकार न देणारा गृहस्थ

अमेरिकन व्यापारी म्हटला की तो सडेतोड, उतावळा आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारा असावयाचाच, असा पक्का ग्रह करून जो कोणी मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या एखाद्या कचेरीत पाऊल टाकील, त्याची तेथल्या खरेदी-अधिकाऱ्याशी गाठ पडताच पुरती त्रेधा उडते. हा गृहस्थ कशालाही 'नाही' म्हणत नाही. हा भिडस्तपणा नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या वाडवडिलांचा वारसा आहे, असे मिनेसोटातली मंडळी सांगतात. आपण दरपत्रक पुढे करावे, त्याने ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे आणि प्रसन्न मुद्रेने "हे काही वेगळेच आहे," असा अभिप्राय द्यावा; नवखा विक्रेता हीच मंजुरी समजून करारनाम्याचा मसुदा काढू लागतो, मुरलेला मात्र मुकाट्याने आपली पेटी आवरतो.

कॉफीच्या बाबतीत शब्द उलटे, पण आडवळण तेच: ती दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घ्यायची. पंगतीत जिलबीला दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा पानावरचा हात काढून घेणारा आपला पाहुणा तेथे सहज खपून जाईल. बैठकीत फराळाच्या ताटातली शेवटची वडी उचलणे हा तर अक्षम्य अपराध: एक जण सुरीने तिचे अर्ध करतो, दुसरा त्या अर्धाचे अर्ध, आणि सभा तहकूब होते तेव्हाही ताटात कणभर सभ्यता शिल्लक असते.

अशा सत्पुरुषापुढे न्यूयॉर्कचा प्रतिनिधी येऊन बसला म्हणजे पाहावे! न्यूयॉर्ककर समोरच्याचे वाक्य मध्येच तोडतो ते पुष्कळदा आस्थेपोटी, असा निर्वाळा भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी दिलेला आहे. हा निर्वाळा मिनियापोलिसपर्यंत अद्याप पोचलेला दिसत नाही. वाक्य तुटले की आमचा गृहस्थ मर्यादेने गप्प बसतो, त्या मौनाला संमती समजून पाहुणा अधिकच रंगात येतो, आणि सौदा पटल्याची वर्दी त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कला रवाना होते. (अमेरिकेच्या दक्षिणेतला, जॉर्जियाकडचा व्यापारी असता, तर आधी मातोश्रींच्या प्रकृतीची विचारपूस करून त्याने या दोघांनाही असंस्कृत ठरवले असते.)

निरोपाचा विधी मात्र प्रदीर्घ. दोन्ही मांड्यांवर थाप मारून "बरं तर," असे म्हणत गृहस्थ उठतो, दाराशी हवेची चौकशी करतो, जिन्यात गोठलेल्या सरोवरावरच्या मासेमारीची हकीकत सांगतो, मोटारीपर्यंत सोबत येतो. आणि इंजिन सुरू होऊन काच अर्धी वर गेली असताना, अगदी सहज आठवल्यासारखे, म्हणतो की दर किंचित जास्त वाटला.