रडणं पक्कं, जमाखर्च कच्चा

सोलापुरातल्या नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभिनयगुरू स्तानिस्लाव्हस्की तोंडपाठ असतो, रडायच्या चार तऱ्हा येतात. मग तो हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाची तारीख घ्यायला जातो. भाडं अश्रूंत घेत नाहीत, हे तिथं कळतं. नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नेपथ्याचा टेम्पो, नटांची नाइट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, या विषयांना गुण नसतात. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे म्हणे. पण तिकीट काढतो कोण? मामा, काका, नगरसेवक, सगळे पासवर.

परंपरा मात्र थोर. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या गळ्यावर महाराष्ट्र डोलला आणि मंडळी कर्जात गेली. आपण पदं पाठ केली, खतावणी नाही.

अभ्यासक्रमात निर्मिती व्यवस्थापनाचा तास ठेवायचाच, तर शिकवायला राज्य नाट्य स्पर्धेचा बक्षीसवाला नट नको. प्रयोगानंतर टेम्पोवाल्याला तोंड देणारा माणूस बोलवा. मानधन मात्र आधी द्या, तो पासवर येणार नाही.